पाठीचा स्नायू आणि हापशाचा दांडा : स्तन पुनर्रचनेचं एक प्रकरण

रुग्णाचं आजचं वय ४४. परभणी जिल्ह्यातलं गाव, तीन एकर कोरडवाहू रान, कापूस आणि त्यात तुरीच्या ओळी. वयाच्या चाळिशीत डाव्या स्तनाचा कर्करोग कळला. आधी किमो, मग स्तन आणि काखेतल्या गाठी काढण्याचं ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. शेक संपल्यावर दीड वर्षानं पाठीचा स्नायू पुढे आणून स्तनाची पुनर्रचना केली. तिला आता दोन वर्षं होतील. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पहिल्या ऑपरेशननंतर खांदा आखडला म्हणून त्या माझ्याकडे आल्या, आणि तेव्हापासून त्यांचा हात माझ्या नजरेखालून गेलेला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना ताई म्हणते.

पुनर्रचनेचा परिणाम चांगला की वाईट, हे बहुतेक वेळा आकारावरून आणि फोटोवरून ठरवलं जातं. शहरातल्या, बैठं काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत ते काही अंशी चालून जाईल. पण जिचं पोट हातावर आहे, जिला ड्रेसिंगसाठी दोन गाड्या बदलून यावं लागतं, तिच्यासाठी त्याच ऑपरेशनचा हिशेब वेगळा असतो. हा हिशेब ऑपरेशनच्या आधी, तिच्यासमोर बसून मांडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. ताईंच्या प्रकरणात तो बऱ्यापैकी मांडला गेला. जिथे मांडायचा राहिला, तिथे त्यांना त्रास झाला.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. मृत्यूचा आकडा मोठा आहे, आणि उशिरा दाखवायला येणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. पण ज्या वाचतात त्यांच्यापुढे वीस-तीस वर्षांचं आयुष्य असतं. त्या आयुष्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ‘जीव वाचला, आता आणखी काय पाहिजे?’ हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय, तसं डॉक्टरांच्या तोंडूनही.

आजार आणि पहिलं ऑपरेशन

अंघोळ करताना हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून पाच महिने अंगावर काढली. गावातल्या आशाताईंनी नेटानं तालुक्याला नेलं. तिथून मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईनं तुकडा काढून तपासणी झाली. गाठ साडेतीन सेंटीमीटरची, काखेतल्या ग्रंथींमध्ये आजार पोहोचलेला, हार्मोनला प्रतिसाद देणारा प्रकार. किमोनंतर संपूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. त्यानंतर छातीला आणि मानेखालच्या भागाला तीन आठवडे शेक. मग रोज टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू झाली; हार्मोनचा परिणाम अडवून आजार परत येऊ नये म्हणून ती देतात. कर्करोगावरचे उपचार नीट झाले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार एका गोष्टीची आहे. स्तन पुन्हा तयार करता येतो, हे पहिल्या ऑपरेशनच्या आधी ताईंना कुणीही सांगितलं नाही. संमतीपत्रावर मालकांची सही, ताईंचा अंगठा, इतकंच. खरं म्हणजे ताईंना सही करता येते, त्या बचत गटाचं रजिस्टर लिहितात. शेक लागणार हे आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे त्याच वेळी पुनर्रचना न करता थांबण्याचाच सल्ला कदाचित मिळाला असता. तरी आधी बोलणं झालं असतं तर फरक पडला असता. छेद कुठे घ्यायचा, कातडी किती राखायची, काखेतून पाठीच्या स्नायूकडे जाणारी रक्तवाहिनी जपायची, हे सगळं पहिल्याच ऑपरेशनमध्ये ठरतं. आणि बाईला वर्षभर असं वाटत राहत नाही, की आता हे असंच राहणार.

ताईंना पुनर्रचनेबद्दल कळलं ते शेक घ्यायच्या रांगेत. लातूरकडच्या एका बाईंनी त्यांना स्वतःच्या पाठीवरची खूण दाखवली.

पदराखालची पुरचुंडी

स्तन काढल्यानंतर ताईंनी जुन्या लुगड्याच्या कापडाची पुरचुंडी शिवली होती. नुसतं कापड हलकं पडायचं, वर सरकायचं, म्हणून आत मूठभर बाजरी भरली. ती ब्लाउजच्या आत टाक्यानं अडकवायच्या. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा व्यायामासाठी हात वर केला आणि पुरचुंडी गळ्यापाशी आली. त्यांनी पटकन पदर ओढला आणि तो हात पुन्हा वर केलाच नाही. खांदा आखडण्याची जी कारणं पुस्तकात असतात, व्रण, शेक, दुखणं, त्यांच्या जोडीला हे एक कारण होतं. माझ्या तपासणीच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

कापूस वेचताना कमरेला ओटी बांधून वाकावं लागतं. वाकलं की पुरचुंडी पुढे लोंबायची. परभणीच्या मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो. घामानं बाजरी भिजायची, शेक दिलेल्या नाजूक कातडीला घासून चट्टे उठायचे. सिलिकॉनचा बाहेरून लावायचा तयार स्तनही त्यांनी वापरून पाहिला. दिसायला उत्तम होता, पण उन्हात तो तापायचा आणि घामानं चिकटायचा. लग्नाकार्यात तो, रानात पुरचुंडी, घरात काहीच नाही, असं चाललं होतं.

सासूबाईंचा पुनर्रचनेला विरोध होता. मालकांचं म्हणणं, पोरं मोठी झाली, आता कशाला पुन्हा चिरफाड? त्यांचं तसं वाटणं मला समजतं. एका ऑपरेशनच्या धास्तीतून घर नुकतं बाहेर आलेलं, दोनदा रान गहाण पडता पडता वाचलेलं. ताईंचं उत्तर मी त्या दिवशी कागदावर उतरवून घेतलं होतं. ‘मला कुणाला दावायचं नाही मॅडम. वाकले की एका अंगानं रितं रितं वाटायलंय. मला माझं अंग सारखं पाहिजे.’

तीन वाटा

प्लास्टिक सर्जनकडे आम्ही तिघं गेलो. ताई, मालक आणि मी. त्यांनी तीन वाटा सांगितल्या आणि प्रत्येकीचे फायदे-तोटे मोकळेपणानं मांडले.

पहिली वाट इम्प्लांटची. कातडीखाली आधी फुगवता येणारी पिशवी ठेवून जागा तयार करायची, मग सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं. ऑपरेशन छोटं, शरीराच्या दुसऱ्या भागाला धक्का नाही. पण ताईंच्या छातीला शेक दिलेला होता. कातडी बरगड्यांना चिकटलेली, ताणच घेत नव्हती. अशा कातडीखाली इम्प्लांटभोवती घट्ट कवच तयार होतं, आकार बिघडतो, दुखतं, कधी जखम उघडी पडून इम्प्लांट काढावं लागतं. अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. इम्प्लांट बसवलेल्या आणि शेक घेतलेल्या स्त्रियांमध्ये दोन वर्षांत पुनर्रचना वाया जाण्याचं प्रमाण १८.७ टक्के होतं, शेक न घेतलेल्यांमध्ये ३.७ टक्के. स्वतःच्याच शरीराचा भाग वापरला असेल, तर शेक घेतलेल्यांमध्येही ते १ टक्का होतं. शिवाय इम्प्लांट जन्मभराचं नसतं. आत कुठे फाटलंय का हे पाहायला काही वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करत राहावं लागतं. गावाकडच्या बाईला ही कायमची फेरी लावून देताना विचार करायला हवा.

दुसरी वाट पोटाची. बेंबीखालची कातडी आणि चरबी रक्तवाहिनीसकट सोडवून छातीवर नेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या रक्तवाहिनीला जोडतात. यातून येणारा स्तन मऊ असतो, वजन वाढलं-घटलं तर त्याच्याबरोबर बदलतो. दीर्घकाळाचं समाधान पाहिलं तर स्त्रिया या प्रकाराला बहुधा वरचा क्रमांक देतात. पण ऑपरेशन सहा-आठ तासांचं, त्यानंतर पहिले दोन-तीन दिवस दर थोड्या वेळानं रक्तपुरवठा तपासणारी माणसं लागतात, आणि जोड बुजला तर तासाभरात पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. ताईंचं वजन ४७ किलो. सर्जननी पोटाची कातडी चिमटीत धरून दाखवली. घेण्यासारखं तिथे काही नव्हतं.

तिसरी वाट पाठीची. काखेच्या मागून कमरेकडे पसरलेला रुंद स्नायू, त्यावरच्या कातडी-चरबीच्या पट्ट्यासह सोडवून काखेखालून पुढे आणायचा. त्याची मुख्य रक्तवाहिनी तोडत नाहीत. वेलाचं मूळ जागच्या जागी ठेवून शेंडा मांडवाच्या दुसऱ्या बाजूला वळवावा, तसं हे काम. त्यामुळे भरवशाचं. ही कल्पना जुनी आहे. इटलीतल्या इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्ये स्तन काढल्यानंतरची जखम झाकायला पाठीचा हाच भाग वापरला होता. ताईंचा दुसरा स्तन लहान होता, त्यामुळे एवढ्यात काम भागण्यासारखं होतं.

इथे मी मध्ये बोलले. हा स्नायू हात वरून खाली आणि मागे ओढायचं काम करतो. सर्जननी सांगितलं, तो काढल्यावर शेजारचे स्नायू काम उचलतात आणि रोजच्या जगण्यात फार फरक जाणवत नाही. बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण रोजचं जगणं म्हणजे कुणाचं? ताईंच्या गल्लीत नळ आहे, त्याला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात तेही नाही. मग हापसा. हापशाचा दांडा वरून खाली दाबायचा, शंभर-दीडशे वेळा, तेव्हा घरची पिंपं भरतात. आडातून पाणी शेंदणं, हरभरा उपटणं, कुदळ मारणं, सगळीकडे हाच स्नायू. त्या दिवशी आम्ही ताईंच्या कामांची यादीच केली. कोणतं काम कोणत्या हातानं, वर्षातून किती दिवस, ते घरात दुसरं कोण करू शकेल. कापूस वेचणं या स्नायूवर फारसं अवलंबून नाही, हे कळल्यावर ताईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण रोख पैसा तिथून येतो. डावा हात त्यांचा दुय्यम हात. हापशाचं काम थोरल्या मुलानं उचलायचं, हे मालकांनी तिथेच कबूल केलं. स्नायू न घेता नुसती कातडी-चरबी घेण्याचा पर्यायही विचारून झाला. पण ताई इतक्या सडसडीत, की तेवढ्यानं आकार आला नसता.

एक तपासणी मात्र बाकी होती. काखेतल्या ग्रंथी काढताना या स्नायूची नस आणि रक्तवाहिनी शाबूत राहिली होती का? ताईंना कमरेवर हात ठेवून आत दाबायला सांगितलं आणि सर्जननी काखेमागची कड बोटांत धरली. स्नायू बोटांखाली टणक झाला. म्हणजे नस जिवंत, आणि नस जिवंत असेल तर तिच्या सोबतीनं जाणारी रक्तवाहिनीही बहुधा शाबूत असते. नंतर डॉपलरवर रक्ताचा प्रवाह ऐकून खात्री केली.

तयारी

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ताईंनी आधीच्या प्रत्येक तपासणीत ‘नाही’ असं उत्तर दिलं होतं, आणि ते त्यांच्या परीनं खरं होतं. ‘मिशरी लावता का?’ असं विचारल्यावर मात्र लगेच हो म्हणाल्या. लग्न झाल्यापासून, दिवसातून तीन-चार वेळा. आपल्याकडे हजारो बायका लावतात आणि तिला दात घासण्यातच जमा धरतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नव्या जागी आणलेल्या कातडीला नेमकं तेव्हाच रक्त कमी पडतं. कडा काळ्या पडतात, जखम उघडते. निदान चार आठवडे आधी आणि जखमा भरेपर्यंत ती पूर्ण बंद हवी. ताईंना ते सोपं गेलं नाही. पहिला आठवडा डोकं दुखलं, पोट साफ होईना, चिडचिड वाढली. तोंडात लवंग धरून त्यांनी दिवस काढले. त्यांच्यासोबत सासूबाईंनीही मिशरी सोडली. ऑपरेशनला विरोध करणाऱ्या सासूबाईंनी सुनेसाठी हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हिमोग्लोबिन ९.४ होतं. शिरेतून लोहाची इंजेक्शनं देऊन ते ११ च्या वर आणलं. टॅमॉक्सिफेननं रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून कर्करोगतज्ज्ञांना विचारून ती गोळी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे थांबवली. अशी गोळी रुग्णानं स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नये.

ऑपरेशन आणि नंतरचे आठवडे

ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला झालं, सुमारे चार तास. पाठीतून आणि छातीतून एकेक नळी बाहेर काढलेली, तिच्या टोकाला द्रव गोळा करणारी बाटली. सहाव्या दिवशी छातीतली नळी काढली. पाठीतली राहिली, आणि ती घेऊनच ताई घरी आल्या. रेल्वेनं जालना, परतूर, सेलू करत परभणी, पुढे एसटी. बाटली कापडी पिशवीत घालून पदराखाली धरलेली. धाकटा मुलगा रोज सकाळी मापाच्या ग्लासात पाणी मोजून वहीत तारखेपुढे लिहायचा. ती वही मी पाहिली आहे. १४०, १२०, १२५, ९०. रंग लाल, फिकट लाल, पिवळसर. मोठ्या रुग्णालयातल्या नोंदीही इतक्या नीट मी क्वचित पाहिल्या.

नळी निघाल्यावर पाठीत पाणी साठलं. स्नायू काढलेल्या मोकळ्या जागेत असं पाणी साठणं ही या ऑपरेशननंतर सर्वांत जास्त आढळणारी अडचण आहे. पाठीची कातडी आतून जागोजाग टाके घालून खाली बसवली तर ती कमी होते. ताईंना तसे टाके घातले होते, तरी साठलं. धोका फारसा नसतो, सुईनं काढावं लागतं, इतकंच. पण ते ‘इतकंच’ दर आठवड्याला संभाजीनगरची फेरी होऊन बसतं. एक दिवस मोडतो, सोबतचा माणूस मोडतो, भाडं लागतं आणि वर प्रवासात पाठ टेकवता येत नाही. या गोष्टीचा विचार आधी झालेला नव्हता. शेवटी सर्जननी तालुक्याच्या एका डॉक्टरांना फोनवर नीट समजावलं, सुई कुठे, कशी, निर्जंतुक काळजी काय घ्यायची, आणि पुढचं पाणी तिथेच काढलं गेलं. दीड महिन्यात ते थांबलं. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईसाठी, गावाजवळ पाणी काढणारा डॉक्टर कोण, हे ऑपरेशनच्या तारखेआधीच ठरवून घ्यावं, असा आग्रह मी धरते.

छातीवर, शेक दिलेल्या जुन्या कातडीच्या कडेला, दोन सेंटीमीटरभर जखम रेंगाळली. तीन आठवडे ड्रेसिंग करून भरली. पाठीवरून आणलेली कातडी मात्र पहिल्या दिवसापासून उबदार आणि गुलाबी राहिली.

अशा अडचणी म्हणजे अपयश नव्हे, पण त्या आधी सांगितल्या गेल्या पाहिजेत. वर सांगितलेल्या ११ केंद्रांच्याच प्रकल्पात २,३४३ स्त्रियांचा दोन वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा सगळे प्रकार मिळून ३२.९ टक्के स्त्रियांना काही ना काही गुंतागुंत झाली आणि १९.३ टक्के स्त्रियांना त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागलं. म्हणजे सुसज्ज रुग्णालयांतही तिघींमागे एकीला. ‘एक ऑपरेशन केलं की झालं’ असं कुणी सांगत असेल, तर त्याला हा आकडा विचारावा.

खांदा

पहिले दोन आठवडे फक्त कोपर, मनगट आणि श्वासाचे व्यायाम. मग भिंतीवर बोटं चढवणं. सहाव्या आठवड्यात हात खांद्याच्या रेषेपर्यंत, तिसऱ्या महिन्यात जवळजवळ कानापर्यंत. पुरचुंडी नव्हती. हात वर करताना त्यांचा दुसरा हात पदराकडे जात नव्हता. आधीच्या वर्षात खांद्यानं जेवढं दिलं नव्हतं, तेवढं या तीन महिन्यांत दिलं, आणि माझ्या मते याचं निम्मं श्रेय त्या एका गोष्टीला आहे.

ताकद वेगळी. चौथ्या महिन्यात दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून खाली ओढायला लावलं, तेव्हा डावा हात पाच-सहा ओढींत थकत होता. सहाव्या महिन्यानंतर आम्ही व्यायाम हापशावरच नेला. दोन्ही हातांनी, पाय पुढे-मागे ठेवून, खांद्याऐवजी अंगाचा भार दांड्यावर टाकून. आधी दहा हिसके, मग विसावा. वर्षअखेर एक घागर सलग भरता यायला लागली. आज दोन भरतात, तिसरीला हात भरून येतो. ऑपरेशनच्या आधी त्या चार भरायच्या. ही तूट राहणार, असं मला वाटतं, आणि ताईंना मी ते तसंच सांगितलं आहे. हरभरा त्या आता उजव्या हातानंच उपटतात. वेचणीत फरक नाही.

काखेतल्या ग्रंथी काढलेल्या असल्यानं हाताला सूज येण्याची भीती कायम असते. दर तीन महिन्यांनी दोन्ही हातांचा घेर टेपनं मोजते. अजून फरक आलेला नाही. त्या हाताला सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, काट्याकुट्यात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजा. तुरीच्या खुंटांनी ओरखडे येतात, म्हणून हे मी पुन्हा पुन्हा बजावते.

परिणाम मोजायचा कशानं?

पुनर्रचनेनंतर रुग्णाचं समाधान मोजण्यासाठी ‘ब्रेस्ट-क्यू’ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. २००९ मध्ये ती आली आणि तिनं मोठं काम केलं. डॉक्टरला काय दिसतं याऐवजी बाईला काय वाटतं, हे विचारायला तिनं भाग पाडलं. स्तनाबद्दलचं समाधान, मनाची स्थिती, शरीराचा त्रास, लैंगिक आयुष्य, यांचे ० ते १०० असे गुण येतात. त्यातले प्रश्न मी ताईंना समजावून विचारले. कपडे न घालता आरशात कसं दिसतं, असा एक प्रश्न आहे. ताईंच्या घरात आरसा एकच आहे, कुंकू लावण्यापुरता, भिंतीला टांगलेला. त्यात छाती दिसतच नाही. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘बघितलंच नाही.’ ब्रा कशी बसते हाही प्रश्न तसाच. त्या ब्रा घालत नाहीत.

म्हणून मी माझे प्रश्न जोडले. वाकल्यावर काय वाटतं? शिंप्याकडे ब्लाउजचं माप द्यायला जाता का? बायकांच्या घोळक्यात अंघोळ करता का? उताणं झोपता येतं का? कामाला किती हात कमी पडतो? त्यांची उत्तरं अशी. वाकल्यावर भरल्यासारखं वाटतं, हे सगळ्यात पहिलं आणि तीनदा सांगितलं. माप देतात. जत्रेला गेल्या तेव्हा नदीवर इतर बायकांबरोबर अंघोळ केली, चोळी अंगात ठेवून. पाठीवर झोपलं की व्रण ओढतो, थंडीत जास्त. हापसा सोडला तर काम अडत नाही. नवऱ्याबायकोच्या नात्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, की आता अंधारातही पाठ फिरवून झोपत नाही.

जे झालं नाही, तेही लिहिते. नव्या स्तनाला स्पर्शाची जाणीव नाही. मधोमध बधिर, कडेला थोडी. याची कल्पना त्यांना दिली होती, तरी त्याचं दुःख त्यांना आहे. बधिर जागेला भाजलं तरी कळत नाही, म्हणून चुलीजवळ आणि गरम पाण्याच्या पिशवीबाबत सांभाळावं लागतं. जागेवरून हललेला स्नायू काही महिन्यांत आटतो, तसा तो आटला आणि आकार कमी झाला. दहाव्या महिन्यात मांडीची चरबी काढून तिथे टोचली. टोचलेल्यातली बरीच जिरते, काही टिकते. डावी बाजू अजूनही किंचित वर आणि घट्ट आहे. उजवा स्तन उचलून दोन्ही सारखे करता येतील, असं सर्जननी सुचवलं. ताई नको म्हणाल्या. स्तनाग्र तयार करणं किंवा गोंदवून घेणं, हेही त्यांना नको होतं. पुनर्रचना ‘पूर्ण’ करून घेतलीच पाहिजे असा आग्रह सर्जननी धरला नाही, हे मला फार आवडलं. कुठे थांबायचं ते त्या बाईनं ठरवायचं असतं.

पुनर्रचनेमुळे आजार परत येतो का, किंवा परत आला तर झाकला जातो का, हा मालकांचा प्रश्न होता. आजवरच्या अभ्यासांवरून पुनर्रचनेनं आजार परतण्याचं प्रमाण वाढत नाही आणि तो कळायला धोकादायक उशीरही होत नाही. ताईंची तपासणी दर सहा महिन्यांनी होते, उजव्या स्तनाची मॅमोग्राफी दर वर्षी.

खर्चाचं

स्तन काढण्याचं ऑपरेशन, किमो आणि शेक महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. आता तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. पिवळ्या-केशरी कार्डांबरोबरच मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती खुली आहे, हे अजून अनेकांना माहीत नसतं. पुनर्रचनेचा कोणता प्रकार योजनेत बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून ऑपरेशनच्या आधी लेखी घ्यावं. ताईंची पुनर्रचना एका धर्मादाय रुग्णालयात सवलतीच्या खाटेवर झाली. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा विभागात मागणी करावी लागते. आपणहून कुणी विचारत नाही. औषधं, प्रवास आणि बुडालेली मजुरी घरच्यांनी सोसली. बचत गटानं त्या दोन महिन्यांचा हप्ता पुढे ढकलला.

सध्याची स्थिती

टॅमॉक्सिफेन सुरू आहे, किमान पाच वर्षं पूर्ण करायची आहेत. पाठीचा व्रण सैल व्हावा म्हणून रोज रात्री सासूबाई तेल लावून चोळतात. बोटं कशी फिरवायची हे त्यांना मी शिकवलं आहे. चरबी पुन्हा एकदा टोचून घ्यायची का, हा निर्णय ताईंनी वेचणी संपेपर्यंत पुढे ढकलला आहे. मिशरी आठ महिने बंद होती, मग तुरळक सुरू झाली होती. तंबाखू सोडवण्याच्या समुपदेशनासाठी त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवलं आहे. थोरला मुलगा पुढच्या जूनला शिकायला नांदेडला जाणार, मग हापशाची वाटणी नव्यानं करावी लागेल. त्याबद्दल बोलायला मालकांनाही पुढच्या तपासणीला सोबत बोलावलं आहे.